पहिल्या जानेवारीचा हिशेब

सन १६७० च्या आसपास वांद्र्याच्या काठावर उभं राहून कुणी माहीमकडे पाहिलं असतं, तर खाडीपलीकडे वेगळीच तारीख चालू होती. वांद्रे साष्टीत, म्हणजे पोर्तुगीजांकडे. माहीम मुंबईत, म्हणजे इंग्रजांकडे. पोप तेरावा ग्रेगरी याने १५८२ साली कालगणना दुरुस्त केली, ती कॅथलिक पोर्तुगालने लगेच मानली. प्रोटेस्टंट इंग्लंडने मात्र पोपचं कॅलेंडर १७५२ पर्यंत स्वीकारलं नाही. त्यामुळे वांद्र्यात १ जानेवारी उजाडायची, तेव्हा माहीमच्या इंग्रजी कागदांवर २२ डिसेंबर असायची. शिवाय इंग्रजांचं कायदेशीर वर्ष २५ मार्चला बदलायचं. म्हणजे एका काठावर १६७१ लागलं तरी समोरच्या काठावरच्या दप्तरात सुमारे तीन महिने १६७० च चालू राहायचं. आणि दोन्ही काठांवरच्या हिंदू शेतकऱ्याचं वर्ष चैत्रात पाडव्याला सुरू व्हायचं, ते वेगळंच.

मी राहतो ते इंद्रलोक भाईंदर पूर्वेला आहे. हा भागही त्याच साष्टी बेटाचा. चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये वसई घेतली, पोर्तुगीज गेले. १७७४ मध्ये इंग्रजांनी साष्टी घेतली, तोवर त्यांचंही कॅलेंडर बदललेलं होतं. तेव्हापासून आपल्याकडे सरकारी १ जानेवारी एकच आहे. आज ती इतकी ठाम वाटते की रात्री बाराला फोन वाजायला लागले की आपलं आयुष्य खरोखरच नव्याने सुरू झालं, असं क्षणभर वाटून जातं.

डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात ख्रिस्ती तरुणांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मजकूर हमखास फिरतो : नव्या वर्षासाठी तुमची आत्मिक ध्येयं ठरवा. वर्षभरात पूर्ण बायबल. रोज अर्धा तास प्रार्थना. शुक्रवारी उपास. इन्स्टाग्राम कमी. यात वाईट काहीच नाही. पण ही यादी ऑफिसमधल्या टार्गेटच्या यादीसारखी दिसते, आणि फेब्रुवारीत तिचं होतंही तेच. ॲपमधली सलग दिवसांची साखळी तुटते, मग ॲप उघडायचीच लाज वाटायला लागते. देवाशी असलेलं नातं एका आकड्यावर येऊन अडकतं. म्हणून मला वाटलं की आपल्या आधीच्या ख्रिस्ती लोकांनी या तारखेचं काय केलं ते बघावं. त्यांनीही संकल्प केले होते. त्यातले टिकले कोणते, आणि कशामुळे?

चर्चला न आवडलेली तारीख

सुरुवातीला चर्चला १ जानेवारी अजिबात आवडत नव्हती. रोमन लोक त्या दिवशी भेटी वाटायचे, दारू प्यायचे, सोंगं काढून रस्त्यावर नाचायचे. उत्तर आफ्रिकेतला बिशप ऑगस्टीन चौथ्या-पाचव्या शतकाच्या संधिकाळात आपल्या लोकांना सांगायचा की ते भेटी देतात तर तुम्ही गरिबाला दान द्या, ते खातात-पितात तर तुम्ही उपास करा. फ्रान्समधल्या तूर इथे ५६७ साली भरलेल्या धर्मसभेने तर जानेवारीच्या पहिल्या दिवसांत प्रार्थना आणि उपास पाळायचा नियमच केला. चर्चचं स्वतःचं वर्ष आजही आगमनकाळाच्या पहिल्या रविवारी, म्हणजे नाताळच्या चार रविवार आधी सुरू होतं.

तरीही १ जानेवारीला चर्चने एक अर्थ दिला. नाताळपासून मोजला तर तो आठवा दिवस. लूकच्या शुभवर्तमानाप्रमाणे आठव्या दिवशी बाळाची सुंता झाली आणि त्याचं नाव येशू ठेवलं. कॅथलिक पंचांगात आता हा दिवस देवमाता मरियेचा आहे, आणि १९६८ पासून तो जागतिक शांतिदिनही मानला जातो. यांपैकी एकाही अर्थात ‘मी या वर्षी काय मिळवणार’ हा प्रश्न नाही. नाव आपण मिळवत नाही, ते आपल्याला दिलं जातं.

टिंबांचा तक्ता

मग रोजचा हिशेब ठेवणं हे सगळं आजच्या मोबाइलचं खूळ म्हणावं का? तसंही नाही. सवयींचा तक्ता आपल्या खाडीपलीकडे सोळाव्या शतकातच आला होता.

इग्नेशियस लोयोला याच्या ‘आध्यात्मिक साधना’ या पुस्तकाला १५४८ मध्ये पोपची मान्यता मिळाली. त्याच सुमारास त्याने स्थापन केलेल्या येशूसंघाचे धर्मगुरू वसईत काम करू लागले. वसईच्या किल्ल्यात त्यांच्या चर्चची दर्शनी भिंत अजून उभी आहे. या पुस्तकात एक आकृती आहे : आठवड्याच्या प्रत्येक दिवसासाठी दोन रेघा. सकाळी उठल्यावर साधकाने स्वतःतला एकच दोष निवडायचा आणि तो टाळायचं ठरवायचं. दुपारी आणि रात्री आठवून पाहायचं, जितक्या वेळा पाय घसरला तितकी टिंबं रेघेवर मांडायची. मग काल आणि आज, गेला आठवडा आणि हा आठवडा ताडून पाहायचे.

हे अगदी आजच्या ॲपसारखं वाटतं. फरक दोन आहेत. पहिला म्हणजे ही साधना एकट्याने करायची नव्हती. ऐकणारा, वाट दाखवणारा एक माणूस सोबत असायचा. दुसरा फरक मला जास्त महत्त्वाचा वाटतो. याच पुस्तकात दिवसाच्या एकूण आत्मपरीक्षणाची जी पद्धत दिली आहे, तिची पहिली पायरी चुका मोजण्याची नाही. पहिल्यांदा मिळालेल्या गोष्टींसाठी देवाचे आभार मानायचे. कृपा मागणं, चुका तपासणं, क्षमा आणि उद्याचा निश्चय हे सगळं त्यानंतर. ॲपमधला रिकामा चौकोन पाहिला की पहिली भावना अपराधाची येते. इग्नेशियसच्या हिशेबात जमेची बाजू आधी लिहिली जाते.

खाणकामगार आणि चांदणं

इंग्लंडमध्ये ब्रिस्टलजवळच्या किंग्जवुडमधले कोळसा खाणकामगार शनिवारची रात्र दारूच्या गुत्त्यात काढायचे. १७४० च्या सुमारास जॉन वेस्लीच्या उपदेशाने त्यांच्यातले काही बदलले आणि तीच रात्र प्रार्थनेत जागवू लागले. वेस्लीला ही कल्पना आवडली. मोरेव्हियन पंथाच्या लोकांत अशी जागरणं आधीपासून होती. वेस्लीने महिन्यातून एकदा, पौर्णिमेच्या जवळच्या शुक्रवारी जागरण ठेवायला सुरुवात केली. पौर्णिमेच्या जवळ अशासाठी, की मध्यरात्रीनंतर लोकांना चांदण्यात घरी चालत जाता यावं. पुढे हे जागरण वर्षाच्या शेवटच्या रात्रीला चिकटलं. आज आपण ३१ डिसेंबरला रात्री दहा-अकराला ज्या ‘वॉचनाइट’ला जातो, तिचं मूळ या खाणकामगारांत आहे.

वेस्लीने १७५५ मध्ये लंडनला ‘कराराची उपासना’ सुरू केली. तीही पुढे नव्या वर्षाच्या पहिल्या रविवारी होऊ लागली. या उपासनेत कुणी आपली यादी वाचून दाखवत नाही. सगळे मिळून देवाला सांगतात की आम्ही आमचे राहिलो नाही. कामाला लाव किंवा बाजूला ठेव, तुझी मर्जी. ‘बाजूला ठेव’ असं म्हणायला कुठलंच टार्गेट शिकवत नाही. नोकरी गेलेल्या, आजारी पडलेल्या, परीक्षेत नापास झालेल्या माणसालाही हा करार करता येतो.

अमेरिकेत ३१ डिसेंबर १८६२ च्या रात्री काळे लोक, गुलाम आणि मुक्त दोन्ही, ठिकठिकाणी प्रार्थनेसाठी जमून वाट बघत बसले होते. दुसऱ्या दिवशी, १ जानेवारी १८६३ ला, लिंकनचा गुलाममुक्तीचा जाहीरनामा लागू होणार होता. त्या रात्रीचं जागरण आजही तिथल्या काळ्या चर्चमध्ये पाळलं जातं. त्या रात्री जागलेल्यांना स्वतःत सुधारणा करायची नव्हती. ते न्यायाची वाट बघत होते.

वर्षभराची वाचन योजना कुणाची?

वर्षभरात बायबल वाचून काढायच्या ज्या योजना आज फोनवर मिळतात, त्यांतली एक फार प्रसिद्ध योजना रॉबर्ट मरे मॅकशेन या तरुण पाळकाची आहे. स्कॉटलंडमधल्या डंडी गावच्या आपल्या मंडळीसाठी त्याने १८४२ च्या डिसेंबरात ती तयार केली. रोज चार अध्याय : दोन कुटुंबात मोठ्याने वाचायला, दोन एकांतात. वर्षअखेर जुना करार एकदा आणि नवा करार व स्तोत्रं दोनदा वाचून होतात.

योजनेबरोबर त्याने पत्र जोडलं, आणि त्यात फायद्यांच्या आधी धोके सांगितले. वाचन कोरडा उपचार होऊन बसेल. वाचलं म्हणून आपण धार्मिक झालो असं वाटू लागेल. घाईने, लक्ष न देता वाचलं जाईल. आणि काहींना हे न पेलणारं जू वाटेल. ॲप तुम्हाला रोज आठवण करून देतं, पण यातला एकही धोका सांगत नाही.

फायदे सांगताना त्याच्या डोळ्यासमोर सगळी मंडळी होती. घरात मुलांशी बोलायला रोज विषय मिळेल. आपले लोक आज कुठल्या कुरणात चरताहेत हे पाळकाला कळेल. दोन मित्र भेटले तर दोघांनी सकाळी तेच वाचलेलं असेल. योजना गावाची होती. ती फोनमध्ये आली तेव्हा गाव गळून पडलं आणि जू तेवढं उरलं.

मॅकशेन स्वतः ते वर्ष पुरं करू शकला नाही. डंडीत तापाची साथ आली, आजाऱ्यांना भेटता भेटता त्यालाही ताप झाला, आणि २५ मार्च १८४३ ला वयाच्या एकोणतिसाव्या वर्षी तो गेला. आजच्या ॲपच्या हिशेबाने त्याच्या नावापुढे जेमतेम पाव योजना पूर्ण झाल्याचा शेरा पडला असता.

लुधियाना ते केडगाव

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात जगभरच्या अनेक प्रोटेस्टंट मंडळ्या ‘प्रार्थना सप्ताह’ पाळतात. त्याची हाक भारतातून गेली होती, हे फार कमी जणांना माहीत असतं. लुधियानाच्या अमेरिकन प्रेसबिटेरियन मिशनने १८५८ च्या अखेरीस जगातल्या ख्रिस्ती लोकांना आवाहन केलं की जानेवारी १८६० चा दुसरा आठवडा सगळ्यांनी प्रार्थनेसाठी राखून ठेवावा. मागे १८५७ चं वर्ष होतं. त्यांच्याच संस्थेची चार मिशनरी जोडपी कानपूरला मारली गेली होती. इंग्रजांनी उगवलेला सूडही उत्तर हिंदुस्थानाने नुकताच पाहिला होता. अशा वेळी त्यांनी मागितला तो एक आठवडा. पुढे इव्हँजेलिकल अलायन्स या संघटनेने तो दरवर्षी जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात पाळायची प्रथा रुजवली.

मराठी ख्रिस्ती इतिहासातला जानेवारीचा सगळ्यात मोठा संकल्प मात्र पुणे जिल्ह्यातल्या केडगावचा आहे. पंडिता रमाबाईंनी १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन काढलं, ते पुढे पुण्याला नेलं. १८९६-९७ आणि १९०० च्या दुष्काळांत त्यांनी शेकडो मुली आणि विधवा केडगावच्या मुक्ती सदनात आणल्या. १९०० च्या सुमारास तिथे दोन हजारांच्या घरात माणसं होती. शेती, विणकाम, छापखाना, शाळा, स्वयंपाक असं एक गावच होतं ते.

जानेवारी १९०५ मध्ये रमाबाईंनी मुलींना विचारलं, रोज प्रार्थनेला कोण येईल? वेल्समध्ये आदल्या वर्षी झालेल्या आत्मिक जागृतीची बातमी त्यांच्यापर्यंत आली होती. सत्तर जणी पुढे आल्या. त्यांची प्रार्थना होती : भारतातल्या सगळ्या ख्रिस्ती लोकांचं, आपल्यासकट, खरं परिवर्तन व्हावं आणि सर्व देशांतल्या विश्वासणाऱ्यांवर पवित्र आत्मा यावा. ‘आपल्यासकट’ हे मला फार महत्त्वाचं वाटतं. जगाला सुधारायची प्रार्थना करताना त्यांनी स्वतःला बाजूला काढलं नाही.

फेब्रुवारी आला, मार्च आला, एप्रिलचं ऊन आलं. या महिन्यांत सांगण्यासारखं मोठं काही घडलं नाही. सत्तर जणींच्या रोज भेटण्यातून बाकीच्या हळूहळू येत गेल्या, एवढंच. जूनपर्यंत दिवसातून दोनदा सुमारे साडेपाचशे जणी जमू लागल्या होत्या. २९ जूनच्या रात्री मुलींच्या एका खोलीत पश्चात्तापाचं रडणं आणि प्रार्थना सुरू झाली, आणि मुक्तीतली जागृती सगळीकडे पसरली. त्या जागृतीतल्या आरडाओरड्यावर आणि भावनावेगावर तेव्हाही टीका झाली. ती टीका लक्षात ठेवूनही मला जूनपेक्षा आधीच्या पाच महिन्यांचं जास्त वाटतं. या मुलींपैकी कितीतरी जणी दुष्काळात घरदार गमावून आलेल्या होत्या. त्यांच्यापाशी ना घड्याळ, ना वही, ना ॲप. एक ठरलेली वेळ होती आणि ‘आज तू आली नाहीस’ असं म्हणणारी शेजारीण होती.

याच काळात रमाबाईंनी दुसरं एक काम हाती घेतलं होतं : मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून सोप्या मराठीत बायबलचं भाषांतर. खेड्यातल्या कमी शिकलेल्या बाईला कळेल असं बायबल त्यांना हवं होतं. १९२१ मध्ये एकुलती मुलगी मनोरमा गेली. रमाबाईंचं काम थांबलं नाही. ५ एप्रिल १९२२ ला त्या वारल्या, तोपर्यंत भाषांतर पूर्ण झालं होतं. मुक्तीच्या छापखान्यात मुलींच्या हातून जुळणी होऊन १९२४ मध्ये ते प्रसिद्ध झालं. मंडळ्यांमध्ये मात्र ते फारसं रुजलं नाही. दुसरीच भाषांतरं चालत राहिली. टार्गेटच्या भाषेत हे वर्षानुवर्षांचे कष्ट वाया गेले. पण ज्या मुलींनी एकेक खिळा उचलून ती पानं जुळवली, त्या ते काम करता करता वाचायला शिकल्या, हाताला धंदा शिकल्या. त्यांची नोंद कुठल्या रकान्यात करायची?

न टिकलेला दरबार

नारायण वामन टिळकांनी १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंचा बाप्तिस्मा व्हायला १९०० साल उजाडलं. नवऱ्याच्या श्रद्धेच्या वेगाने त्या चालल्या नाहीत, आणि त्यांची श्रद्धा त्यामुळे कमी अस्सल ठरली नाही. ‘स्मृतिचित्रे’ वाचणाऱ्याला हे सांगावं लागत नाही.

१९१७ मध्ये, पंचावन्न ओलांडताना, टिळकांनी मिशनची पगारी नोकरी सोडली आणि साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोन्ही प्रकारचे येशूभक्त एकत्र यावेत, भारतीय पद्धतीने भक्ती करावी, ही कल्पना. ९ मे १९१९ ला टिळक गेले. हाती दोन वर्षंही मिळाली नाहीत आणि दरबार काही उभा राहिला नाही. पण रविवारी मराठी उपासनेत बसून पाहा : त्यांची गीतं न म्हणता महिना सरत नाही. जे योजून केलं ते राहिलं नाही, आणि रोजच्या भक्तीत जे लिहिलं ते शंभर वर्षं गायलं जातंय.

इंद्रलोकात, या वर्षी

आमच्या इंद्रलोकात नगर-जालन्याकडचे मराठी ख्रिस्ती आहेत, तसे मल्याळी, तमिळ, कोकणी, मंगळुरीही. पश्चिमेला उत्तन-डोंगरीकडे पिढ्यान् पिढ्यांचे ईस्ट इंडियन. कुणी मिस्साला जातं, कुणी वॉचनाइटला, कुणी हॉलमधल्या प्रार्थनासभेला. मुंबई-वसईच्या ख्रिस्ती वस्त्यांत रात्री बाराला जुन्या वर्षाचा ‘म्हातारा’ जाळतात. जुने कपडे आणि पेंढा भरलेला तो पुतळा दोन मिनिटांत राख होतो. गेलेलं वर्ष इतक्या सहज जळत नाही. त्यातली देणी, अबोला, मयत झालेली माणसं २ जानेवारीच्या लोकलमध्ये आपल्यासोबतच चढतात. म्हणून मला इग्नेशियसची पायरी आधी घ्यावीशी वाटते : काय सोडायचं ते ठरवण्याआधी, काय मिळालं ते नावं घेऊन मोजायचं.

नव्या वर्षाच्या उपासनेनंतर अनेक चर्चमध्ये कार्ड वाटतात. त्यावर शास्त्रातली एक ओळ असते, आणि आपण तिला ‘या वर्षीचं वचन’ म्हणतो. मराठीत वचन म्हणजे बायबलमधली ओळही आणि दिलेला शब्दही. संकल्पात शब्द आपण देतो. कार्डावरचा शब्द मात्र आपल्याला दिलेला असतो, आणि आपली साखळी फेब्रुवारीत तुटली म्हणून तो परत घेतला जात नाही. वेस्लीने या उपासनेला करार म्हटलं ते याचसाठी. करारात दुसरी बाजू असते.

तेव्हा तुम्ही या वर्षी आत्मिक ध्येय ठरवणार असाल, तर जरूर ठरवा, पण लहान ठरवा. आणि ते फोनला सांगण्याआधी माणसाला सांगा. शिफ्ट वेगळ्या असतील, रविवारीही सुट्टी नसेल, भाषा वेगळी असेल. तरी एकाच विंगमधल्या तिघांना रात्री साडेदहाला गच्चीवर दहा मिनिटं भेटता येतं. एकच अध्याय एकाने मराठीत, एकाने मल्याळममध्ये वाचता येतो. एखादा दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी खालून कुणीतरी बेल वाजवेल, एवढी सोय करून ठेवा. केडगावात सत्तर जणींनी सुरुवात केली होती. इंद्रलोकाला तीन पुरतील.